लोणारची काच, चेर्नोबिलची काच

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचे वय किती, या प्रश्नाला शास्त्रज्ञांकडे दोन उत्तरे आहेत आणि त्यांच्यात दहापटींचा फरक आहे. उल्का आदळली तेव्हा इथला बेसाल्ट वितळला आणि गार होताना त्याची काच झाली. ही काच उष्मादीप्ती पद्धतीने मोजली तर वय निघते सुमारे ५२ हजार वर्षे. त्याच आघातात वितळलेल्या खडकातल्या अरगॉन वायूवरून हिशेब मांडला तर निघते ५ लाख ७० हजार. हा दुसरा आकडा २०११ साली प्रसिद्ध झाला आणि जाणकारांचा कल आज त्याच्याकडे आहे. तरी लोणारवरच्या लेखांतून आणि पर्यटनाच्या माहितीतून जुना पन्नास हजारांचाच आकडा फिरत असतो. पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचा खड्डा डोळ्यांसमोर आहे, त्याच्या तळाशी खारे तळे आहे, काठावर देवळे आहेत, आणि त्याची जन्मतारीख सांगताना आपण एवढे चुकू शकतो.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो तो काचेमुळे. लोणारचे आणि काचेचे नाते तसे कागदोपत्रीही जुने आहे. या तळ्यातून काच आणि साबण करायचे साहित्य मिळते आणि त्यावर चांगला महसूल येतो, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. ते साहित्य म्हणजे तळ्यातला खार, म्हणजे सोडा. पण इथे मला बोलायचे आहे ते आणखी दोन काचांबद्दल. एक युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीखाली, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना तयार झाली. दुसरी आपल्याच राज्यात, ट्रॉम्बे आणि तारापूरला, माणसे मुद्दाम ओततात. दोन्हींनी किती टिकायचे याचे अंदाज बांधलेले आहेत. ते तपासायला निसर्गाकडे जुने नमुने थोडे आहेत, आणि लोणारची काच त्यांच्यातलीच.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत एका सुरक्षा चाचणीदरम्यान स्फोट झाला. भट्टीत सुमारे १९० टन युरेनियम इंधन होते. किरणोत्सारी ढग युरोपभर पसरला हे सर्वांना ठाऊक आहे; इंधनाचा फार मोठा हिस्सा मात्र कुठेच गेला नाही, तो जागेवरच वितळला. भट्टीभोवतीच्या संरक्षक थरातला सर्पेंटाइन दगड, वाळू, काँक्रीट, पोलाद हे सगळे त्यात मिसळले आणि तो रस काकवीसारखा खालच्या मजल्यांवर, वाफेच्या नळ्यांतून, खोल्याखोल्यांत उतरून गोठला. या गोठलेल्या लाव्ह्यात युरेनियम असते काही टक्केच. बाकीचे बहुतेक सिलिका, म्हणजे काचेचाच पदार्थ. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध गोळ्याला ‘हत्तीचा पाय’ म्हणतात. १९८६ च्या अखेरीस तो सापडला तेव्हा त्याच्याजवळ काही मिनिटे थांबणेही जीवघेणे होते. नमुना हवा होता, पण तो फुटेना. शेवटी बंदुकीच्या गोळ्या झाडून त्याचे तुकडे पाडावे लागले.

इतका कठीण पदार्थ पुढे भुसभुशीत होत गेला. कारण त्याच्या आतच आहे. युरेनियम आणि प्लुटोनियममधून सुटणारे अल्फा कण काचेची रचना आतून मोडत राहतात, शिवाय ओल आणि तापमानाचे चढउतार पृष्ठभाग तडकवतात. खडक फुटून धूळ होते, आणि किरणोत्सारी धूळ हीच तिथली खरी डोकेदुखी. खडक जागचा हलत नाही, धूळ हलते.

त्या धुळीवरचे पहिले झाकण १९८६ च्या नोव्हेंबरात, सात महिन्यांच्या आत उभे राहिले. काँक्रीट आणि पोलादाचा हा सांगाडा लोक ‘सार्कोफॅगस’ म्हणून ओळखतात. किरणोत्सार इतका होता की जवळ जाऊन सांधे जोडणे अशक्य. कित्येक तुळया क्रेनने लांबूनच ठेवल्या गेल्या, त्याही भट्टीच्या मोडक्या भिंतींच्या आधाराने. फटी राहिल्या. त्यांतून पाऊस, बर्फ आणि पाखरे आत जात. वीस-तीस वर्षांच्या सोयीसाठी बांधलेल्या या इमारतीला कुणीच कायमची मानले नव्हते.

पावसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, आणि मंदावलेला न्यूट्रॉन युरेनियमचे विखंडन अधिक सहज घडवतो. १९९० च्या जूनमध्ये मोठ्या पावसानंतर आतल्या मोजणीयंत्रांनी न्यूट्रॉनांची उसळी दाखवली. तेव्हा एका शास्त्रज्ञाने आत शिरून ढिगाऱ्यावर गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण शिंपडले. गॅडोलिनियम न्यूट्रॉन शोषून घेते. पुढे सार्कोफॅगसवर नवी पोलादी कमान बसून पावसाचे पाणी थांबले की ही काळजी मिटेल, असा अंदाज होता. बहुतेक ठिकाणी तो खरा ठरला. पण ३०५/२ क्रमांकाच्या खोलीत कमान बसल्यानंतरच्या चार वर्षांत न्यूट्रॉनांची मोजणी जवळजवळ दुप्पट झाल्याचे २०२१ साली जाहीर झाले. आधी ढिगारा पाण्याने इतका चिंब होता की ते पाणीच न्यूट्रॉन खाऊन टाकत असावे. वाळू लागल्यावर मधली अवस्था आली. वाढ संथ होती आणि १९८६ सारख्या स्फोटाची भीती कुणी दाखवली नाही. पण दगड-काँक्रीटच्या ढिगाऱ्याला स्वतःची प्रकृती असते आणि ती आपल्या आराखड्याप्रमाणे वागत नाही, एवढे त्यातून दिसले.

या अपघाताची झळ महाराष्ट्राला आलीच नाही असे नाही. आयर्लंडहून आलेल्या लोण्यात चेर्नोबिलचा अंश आहे या शंकेवरून मुंबईतला वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने लोणी खाण्यायोग्य ठरवले. हे १९८८ साल. पुढे आपल्याकडे चेर्नोबिल हा शब्द बव्हंशी अणुविरोधी भाषणांत आणि त्यांना दिलेल्या उत्तरांतच राहिला.

भट्टी वितळण्याचा अपघात भारतात झालेला नाही. पण धोकादायक अवशेष कोंडून ठेवण्याचे काम इथे रोज चालते. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतले की अतिशय तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो. तो आटवून, काचेच्या घटकांबरोबर सुमारे हजार अंशांना वितळवून स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात आणि झाकण वितळजोड करून बंद करतात. तारापूरच्या काचेत बोरॉन आणि सिलिकाबरोबर सोडियमही असते. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट असल्यामुळे तिथे बेरियम घातलेली काच वापरावी लागली. डबे तारापूरच्या तळघरात उभे असतात. त्यांची उष्णता हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने, उंच धुरांड्यातून बाहेर जाते. पंखा नाही, त्यामुळे वीज गेली म्हणून काही बिघडत नाही. मला या रचनेचे कौतुक वाटते. ज्याला शेकडो वर्षे सांभाळायचे, तिथे जितकी कमी यंत्रे तितके बरे.

मात्र तारापूरचे तळघर हे शेवटचे ठिकाण नव्हे. उष्णता ओसरेपर्यंत काही दशके तिथे, मग खोल खडकात, असा विचार आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या बंद पडलेल्या भागात सुमारे हजार मीटर खोलीवर विजेचा हीटर ठेवून खडक तापल्यावर कसा वागतो याचे प्रयोगही झाले. प्रत्यक्ष जागा अजून ठरलेली नाही. आपला काळा पाषाण त्यासाठी चालेल का? अमेरिकेत तोच प्रश्न वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला विचारला गेला. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला तो बेसाल्ट दख्खनच्या पाषाणाचा चुलतभाऊ म्हणावा असा. १९८६ साली तो शेवटच्या तीन जागांत होता, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने नेवाडातल्या युक्का पर्वताच्या बाजूने कौल देऊन तो वगळला. त्या खडकाबद्दलचा एक आक्षेप भेगांतून वाहणाऱ्या पाण्याचा होता. हा आक्षेप विदर्भातल्या विहीर खणणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एका धुऱ्याजवळच्या विहिरीला झरा लागतो आणि शेजारच्या वावरात साठ फूट खणूनही खडखडाट असतो.

पाणी लागले की बेसाल्टी काच हळूहळू बदलते. पृष्ठभागावर पॅलागोनाइटचा पिवळसर थर चढतो. हा थर किती वर्षांत किती जाड झाला यावरून कचऱ्याच्या काचेचे भविष्य ताडण्याचा प्रयत्न जगभर चालतो, कारण प्रयोगशाळेत लाखभर वर्षे थांबता येत नाही. नैसर्गिक काचेत किरणोत्सार जवळजवळ नसतो, हा या तुलनेतला मोठा खोडा आहे. तरी पाण्याच्या बाबतीत ती उपयोगी पडते. पण त्यासाठी नमुन्याचे वय ठाऊक असावे लागते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे. लोणार ५२ हजार वर्षांचे असेल, तर त्या आघाताच्या दिवशी पुरलेल्या प्लुटोनियमचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग आजही शिल्लक असता. ५ लाख ७० हजार वर्षांचे असेल, तर उरला असता सुमारे एक कोटी तीस लाखांत एक भाग. खड्डा एक, काच एक, आणि उत्तरांत एवढी तफावत. हजारो वर्षांच्या सुरक्षिततेचे दाखले ऐकताना हे गणित मनाशी ठेवावे असे मला वाटते.

चेर्नोबिलवरच्या नव्या कमानीने हजारोंची भाषा केलीच नव्हती. तिची मुदत शंभर वर्षे. २५७ मीटर रुंद, १६२ मीटर लांब, १०८ मीटर उंच, सारे मिळून सुमारे ३६ हजार टन. ती बाजूला बांधून नोव्हेंबर २०१६ मध्ये रुळांवरून जुन्या सांगाड्यावर सरकवली आणि २०१९ साली युक्रेनच्या ताब्यात दिली. सुमारे दीड अब्ज युरो लागले. तिच्या पोलादाचे आयुष्य एका साध्या युक्तीवर बेतले होते: आतल्या आणि बाहेरच्या आवरणांमधल्या पोकळीत कोरडी हवा खेळवायची, आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे गंज नाही. इतक्या उंचीवर, इतक्या किरणोत्सारात रंग कोण देणार?

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियन सैन्याने हे केंद्र ताब्यात घेतले. तेव्हा पाळीवर असलेली माणसे बदली न मिळता तीन आठवड्यांहून अधिक काळ कामावर राहिली. कमान, मापके, पंप यांच्यामागे शेवटी पाळीवरची माणसे असतात आणि आराखड्यात त्यांच्या झोपेचा हिशेब नसतो.

मग १४ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे एक ड्रोन कमानीवर आदळला. बाहेरच्या आवरणाला सुमारे १५ चौरस मीटरचे भगदाड पडले आणि आतल्या उष्णतारोधक थरात धुमसती आग लागली. ज्वाळा दिसत नव्हत्या, ती पत्र्यांच्या मधून सरकत होती. विझवायला पत्रा कापून तीनशेहून अधिक छिद्रे पाडावी लागली. ७ मार्चला आग संपली. किरणोत्सार बाहेर वाढला नाही. पण डिसेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितले की कमानीचा भार पेलणारा सांगाडा शाबूत असला, तरी कोंडून ठेवण्याची तिची क्षमता गेलेली आहे. कोरडी हवा धरून ठेवायची ती पोकळीच फुटली होती. तात्पुरती ठिगळे लावली गेली. संपूर्ण दुरुस्ती बाकी आहे. जुन्या सार्कोफॅगसचे खिळखिळे भाग उतरवण्याची मुदत मुळात २०२३ होती, ती २०२९ पर्यंत वाढवली गेली आहे, आणि आता तीही कमानीच्या दुरुस्तीला बांधलेली आहे.