एअरगनच्या नळीवर काय बसवावं, काय नाही? शिकारीचा नाद बंदूकवाल्यासोबत लेथवाल्यालाही अडकवू शकतो

सरावली (ता. पालघर) : परवाना लागत नाही, दुकानात ओळखपत्र दाखवलं की मिळते आणि दिसायला जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीसारखीच. त्यामुळे छर्र्याची एअरगन म्हणजे मोठ्या माणसांचं खेळणं, असा अनेकांचा समज असतो. बंदूक घरी आली की पुढची हौस सुरू होते. नळीला वजन लावायचं, दुर्बीण चढवायची, तोंडाला सायलेन्सर बसवायचा, आणि मग पावसाळा सरला की होले, तितर, ससे टिपायला रानात जायचं. परदेशातल्या व्हिडिओंत हे सर्रास दिसतं. तिकडे ते त्या देशाच्या कायद्यात बसत असेल. इकडे मात्र त्याच नळीवर एकाच वेळी दोन कायदे लागू होतात.

सरावलीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. शेजारी तारापूर औद्योगिक वसाहत असल्याने लेथ, ड्रिलिंग, वेल्डिंगची कामं करणारे हात या पट्ट्यात भरपूर. "भाऊ, एवढ्या नळीला आटे पाडून दे," असं किरकोळ काम घेऊन कुणीही येऊ शकतं. ते काम नेमकं कशाचं आहे, हे कळलं नाही तर फटका कारागिरालाही बसतो.

आधी बंदूक समजून घ्या

आपल्याकडे सर्वात जास्त दिसते ती स्प्रिंगची एअरगन. नळी मधून मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळली जाते. खटका ओढला की दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. दुसरा प्रकार म्हणजे टाकीत आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी रायफल. हिला पीसीपी म्हणतात. यात साधारण २०० बार दाबाची हवा असते. ट्रकच्या टायरमध्ये असते त्याच्या कितीतरी पट हा दाब.

शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. म्हणजे ५.५ मिलिमीटरची, ज्याला लोक 'पॉइंट टू टू' म्हणतात, ती बंदूक विनापरवाना ठेवता येत नाही. ४.५ ची बंदूक घेऊन तिची स्प्रिंग किंवा नळी बदलून ताकद वाढवली आणि ती २० ज्यूलच्या वर गेली, तरी तोच प्रश्न येतो.

नळीवर काय काय चढवतात?

पहिलं म्हणजे वजन. नळीच्या पुढच्या टोकाला धातूचं कडं आवळलं की उभ्याने नेम धरताना तोंड कमी हलतं. स्पर्धेतले नेमबाज हे वापरतात. पण मोडणाऱ्या नळीच्या स्प्रिंगगनला जड वजन लावलं की दर वेळी बिजागरीवर ताण येतो. बिजागरी सैल झाली की नेम कायमचा बिघडतो.

दुसरं म्हणजे पुढे टेकवायचे पाय, ज्यांना बायपॉड म्हणतात. पीसीपीला ते चालतात. स्प्रिंगगनला बहुधा त्रासच देतात, कारण ही बंदूक सुटताना आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. नळी घट्ट टेकवली की तो झटका दर वेळी वेगळा बसतो आणि छर्रा वेगळ्या जागी लागतो. याच दुहेरी झटक्याने साध्या दुर्बिणीही खिळखिळ्या होतात. दोष मात्र दुर्बिणीला किंवा छर्र्याला दिला जातो.

तिसरं म्हणजे तोंडावर आट्यांनी किंवा स्क्रूने बसवायचं नळकांडं. खरा घोळ इथेच आहे. हे नळकांडं नळीच्या मधोमध, एका रेषेत बसलं नाही तर बाहेर पडणारा छर्रा त्याच्या कडेला घासतो. मग तो कुठे जाईल याचा भरवसा नाही. अंदाजाने पाडलेल्या आट्यांत ही चूक हमखास होते.

सायलेन्सर : फायदा थोडा, जोखीम मोठी

सायलेन्सर नळीतून सुटणाऱ्या हवेचा फटका कमी करतो. स्प्रिंगगनचा बराचसा आवाज मात्र तोंडातून येत नाही. तो आतल्या स्प्रिंग-दट्ट्याचा असतो. त्यामुळे या बंदुकीवर सायलेन्सर लावून फारसा फरक पडत नाही. पीसीपीवर तो जाणवतो, पण छर्रा आदळल्याचा आवाज तिथेही राहतोच.

आता कायद्याची बाजू. शस्त्र कायदा, १९५९ मधली बंदुकीची व्याख्या फक्त दारूगोळ्यावर थांबत नाही. स्फोटक किंवा 'इतर कोणत्याही ऊर्जेने' प्रक्षेपक फेकणारं शस्त्र त्या व्याख्येत येतं. दाबाची हवा ही ऊर्जाच आहे. आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली जोडणीही त्याच व्याख्येत आहे, आणि नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तिची जागा प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात आहे. एअरगनला परवान्यातून सूट आहे म्हणून तिच्या सायलेन्सरलाही सूट आहे, असा अर्थ काढणं म्हणजे आगीशी खेळ. विकणाऱ्याने नाव काहीही दिलेलं असो, वस्तू कोणत्या कामासाठी बनवली आहे हे कायदा पाहतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याला ७ ते १४ वर्षांची शिक्षा आहे. विनापरवाना शस्त्र बनवण्याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणून बंदुकीच्या नळीला आटे पाडणं किंवा तोंडाचं नळकांडं बनवणं हे काम कुणी लेथवर आणलं तर सरळ नाही म्हणावं. शे-दोनशे रुपयांच्या कामासाठी एवढी जोखीम घेण्यात काहीच अर्थ नाही.

शिकारीचं काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हेही शिकारीत येतं. छर्रा चुकला, पक्षी उडून गेला, तरी गुन्हा व्हायचा तो होतोच.

२०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीच निघाली. "कावळा-वटवाघूळ मारलं तर चालतं" हे आता जुनं झालं. साध्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजारांचा दंड. वापरलेली बंदूक आणि गाडी जप्त झाली की सरकारजमा होऊ शकते.

कायद्याखेरीज जिवाची भीती आहे ती वेगळीच. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. डुक्कर समजून झाडलेली गोळी साथीदारालाच लागली आणि त्याचा जीव गेला. तिथे एअरगन नव्हती. पण झुडपाआड हलणाऱ्या वस्तूवर नेम धरायची सवय तीच. एअरगनच्या छर्र्याने माणसाचा डोळा सहज जातो. आणि रानडुकरासमोर ४.५ चा छर्रा म्हणजे जनावर मरत नाही, जखमी होऊन चवताळतं.

मग पिकाची नासाडी सोसायची का?

हा प्रश्न खोटा नाही. रानडुकरांनी रात्रीत उपसलेलं भात, वटवाघळांनी आणि माकडांनी उष्टावलेले चिकू-आंबे, हे नुकसान शेतकऱ्याच्या अंगावर येतं. त्यासाठी कायद्यात वाट आहे. कलम ११ प्रमाणे पिकाला धोका ठरणाऱ्या, दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाईही वनविभागाकडून मिळते. त्यासाठी नुकसान दिसताच, वाट न पाहता, फोटो काढून वनरक्षकाला कळवावं आणि पंचनामा करून घ्यावा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

हौस असेल तर जागा आहे

एअर रायफलने नाव कमावणारे कमी नाहीत. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला. त्या खेळात लक्ष्य १० मीटरवर आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तिथली बंदूक ४.५ मिलिमीटरचीच, वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो. नळीवर वजन लावायला मुभा आहे, पण झटका कमी करणारी जोडणी आणि भोकं पाडलेली नळी नियमात बसत नाही. म्हणजे जगातले सर्वात अचूक नेमबाजसुद्धा तोंडावर अशी जोडणी न चढवता नेम धरतात.

घरी ४.५ ची बंदूक असेल तर एवढं पाळावं. काहीही बसवण्याआधी नळी उघडून छर्रा नाही याची खात्री करावी. वजन किंवा दुर्बीण बसवल्यावर कागदावर पाच छर्रे मारून नेम पुन्हा जुळवावा. मागे भिंत किंवा मातीचा ढीग असल्याशिवाय मारू नये, डोळ्यांना चष्मा असावा. नळी मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवावी. खरेदीची पावती सांभाळावी. आणि तोंडाला आटे पाडायचा विचार आला, तर तो तिथेच सोडून द्यावा.