सिसिलीच्या कुळांचा शोध

सिसिली बेटाच्या पश्चिम भागांत, डोंगरांच्या कुशींत, कोंतेस्सा एन्तेल्लीना नांवाचें एक लहानसें गांव आहे. पंधराव्या शतकांत आल्बेनियांतून आलेल्या लोकांनीं तेथें वसाहत केली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गांवांतील अनेक कुटुंबें अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स बंदरास जाऊन राहिलीं, आणि १८८६ सालीं तेथें त्यांनीं आपल्या मूळ गांवाच्या नांवानें एक परस्परसाहाय्यक मंडळी स्थापन केली. हें गांव म्हणजे एका मोठ्या प्रवाहांतील एक थेंब होय. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत इटलींतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या माणसांची संख्या सुमारें ४० लक्ष भरते, आणि त्यांत दक्षिण इटली व सिसिली येथील शेतमजुरांचा व कारागिरांचा भरणा मोठा होता.

या लोकांच्या पणतवंडांपाशीं आज पुष्कळदां दोनच गोष्टी उरलेल्या असतात : अमेरिकन जिभेवर घासून बदललेलें एक आडनांव, आणि ज्याचा उच्चारही नीट ठाऊक नाहीं असें गांवाचें नांव. एवढ्या सामग्रीवर ते पूर्वजांचा शोध करूं लागतात. त्यांच्या साहाय्यास दोन साक्षीदार येतात. एक साक्षीदार चर्चमधील जुन्या वह्या. दुसरा, प्रत्येक मनुष्याच्या देहांतील पेशींत साठविलेलें डी.एन.ए. पहिला साक्षीदार नांवें सांगतो, पण ऐकीव गोष्टही खरी म्हणून लिहून ठेवतो. दुसरा कधीं खोटें बोलत नाहीं, पण त्याला नांवें ठाऊक नसतात. दोघांची जबानी एकमेकींशीं ताडून पाहणें हेंच या शोधाचें सारें शास्त्र होय.

प्रथम वह्यांचा विचार करूं. इ. स. १५६३ मध्यें ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें असा नियम केला कीं, विवाह धर्मगुरु व साक्षीदार यांच्यासमक्ष व्हावा आणि धर्मगुरूनें वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ हीं वहींत लिहून ठेवावीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाच्या धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांवही लिहावयाचें होतें. या नियमांत इतिहास लिहून ठेवण्याचा हेतु नव्हता. चोरून होणाऱ्या विवाहांस आळा बसावा आणि निषिद्ध नात्यांत लग्नें होऊं नयेत, एवढाच उद्देश होता. १६१४ सालीं पोप पांचवे पॉल यांच्या काळीं निघालेल्या विधिग्रंथानें पांच वह्या ठरवून दिल्या : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यु यांच्या चार, आणि पांचवी घरोघरच्या माणसांची, जिला 'आत्म्यांची स्थिति' असें म्हणत. हेच नियम पोर्तुगीज अमलाखालील गोव्यासही लागू झाले. म्हणून गोमंतकांतील ख्रिस्ती घराण्यांनाही आपल्या पूर्वजांचा माग याच जातीच्या वह्यांतून काढावा लागतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना या साधनाची कल्पना सहज येईल. फरक एवढाच कीं, तीर्थोपाध्यायाकडे यजमान यात्रेच्या निमित्तानें जातो. सिसिलींत जन्मलेल्या प्रत्येक मुलाला चर्चच्या वहींत येणें भागच होतें.

या वह्या बहुधा लॅटिन भाषेंत आहेत. घरांत ज्याला ज्युसेप्पे म्हणत तो वहींत जोसेफुस होतो, आणि जाकोमो हा जाकोबुस होतो. कालगणनाही निराळी असते. सिसिलींत 'इंडिक्शन' नांवाचें पंधरा वर्षांचें चक्र दीर्घकाळ चालत असे व त्यांतील वर्षाचा आरंभ १ सप्टेंबरास होई. यामुळें एकाच इसवी सनांतील ऑगस्टमधील व सप्टेंबरमधील नोंदी दोन वेगळ्या वर्षांत पडतात. शालिवाहन शकाचें वर्ष इसवी सनांत बसवितांना जी सावधगिरी लागते, तीच येथेंही लागते.

एका बाबतींत मात्र या वह्या फार उपयोगी आहेत. सिसिलींतील स्त्री लग्नानंतरही कागदोपत्रीं आपल्या माहेरच्याच आडनांवानें ओळखली जाते. त्यामुळें आईकडचें कुळ अंधारांत लुप्त होत नाहीं. जहाजावरील उतारूंच्या याद्यांतही विवाहित इटालियन स्त्रिया पुष्कळदां माहेरच्या नांवानें सांपडतात. 'आमचें आडनांव एलिस बेटावरच्या अंमलदारानें बदललें' अशी दंतकथा अमेरिकेंतील अनेक घरांत प्रचलित आहे. परंतु त्या याद्या जहाज निघण्याच्या बंदरांतच तयार होत असत, व अमेरिकन अंमलदार त्या केवळ ताडून पाहत. नांवें बदललीं तीं बहुतेक पुढें, शाळेंत, कारखान्यांत आणि शेजाऱ्यांच्या तोंडीं.

अडचण येते ती नांवांच्या रूढीमुळें. पहिल्या मुलास बापाच्या बापाचें, दुसऱ्यास आईच्या बापाचें, पहिल्या मुलीस बापाच्या आईचें आणि दुसरीस आईच्या आईचें नांव ठेवावयाचें, हा तेथील सर्वमान्य प्रघात. आजोबाचें नांव नातवाला देण्याची चाल महाराष्ट्रासही अपरिचित नाहीं. पण सिसिलींत तिचा परिणाम असा होतो कीं, व्हीतो नांवाच्या एका मनुष्याला पांच मुलगे असतील, तर त्या पांचांच्याही घरीं वडील मुलगा व्हीतोच असावयाचा. गांव लहान, आडनांव एक, वयांत दोनतीन वर्षांचें अंतर, असे पांच व्हीतो वहींत शेजारीं शेजारीं उभे राहतात. गांवकरी त्यांना घराण्याच्या टोपणनांवानें ओळखत, परंतु वहींत तें टोपणनांव क्वचितच येतें. अशा वेळीं केवळ नांवावर विसंबणारा मनुष्य दुसऱ्याच्याच आजोबाला आपला म्हणून घरीं घेऊन येतो. खरा पूर्वज निवडावयाचा तर आईचें नांव, धर्मपिता, साक्षीदार व धंदा हीं सारीं जुळलीं पाहिजेत.

१८२० पासून सिसिलींत जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सुरू झाली. तेव्हां तेथें बूर्बों राजांचा अंमल होता. विवाहाच्या सरकारी नोंदींत वधूवरांनीं अंमलदारासमोर केलेली प्रतिज्ञा असे, आणि चर्चमध्यें प्रत्यक्ष लग्न कोणत्या दिवशीं लागलें तें बाजूच्या रकान्यांत लिहीत. या नोंदीसोबत कागदांची एक जुडी जोडलेली असे : दोघांच्या जन्माचे उतारे, बाप वारला असल्यास त्याच्या मृत्यूचा उतारा, आणि बापाच्या अभावीं आजोबाच्या मृत्यूचाही उतारा. अशी एक जुडी हातीं लागली तर तीन पिढ्या एकदम उलगडतात. याहूनही मागें जावयाचें असल्यास 'रिव्हेली' नांवाच्या करपत्रकांचा आधार मिळतो. त्यांत प्रत्येक कुटुंबप्रमुखानें आपलीं माणसें व मालमत्ता जाहीर केलेली असे.

परंतु कागद अमर नाहीं. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपानें आग्नेय सिसिलींतील कातानिया, नोतो इत्यादि नगरें उद्ध्वस्त झालीं व सुमारें ६०,००० माणसें मेलीं. २८ डिसेंबर १९०८ रोजीं मेस्सिना शहर तसेंच जमीनदोस्त झालें. जेथें चर्चें कोसळलीं तेथें पुष्कळ ठिकाणीं वह्याही गेल्या, आणि शोधाचा धागा तुटला. येथें दुसऱ्या साक्षीदाराची गरज लागते.

मनुष्याला गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून येतें. परंतु आईबाप आपलें गुणसूत्र जसेंच्या तसें देत नाहींत; आजा व आजी यांच्याकडून आलेल्या दोन पट्ट्या तुटून, एकमेकींत मिसळून मग पुढें जातात. म्हणून पिढीगणिक वारशाचे तुकडे लहान होत जातात. दोन माणसांत जे समान तुकडे सांपडतात त्यांची लांबी 'सेंटिमॉर्गन' या मापानें मोजतात. मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या नांवानें हें माप १९१९ सालीं जे. बी. एस. हाल्डेन यांनीं सुचविलें. हेच हाल्डेन पुढें भारतांत येऊन भारताचे नागरिक झाले. आईबाप व मूल यांच्यांत सुमारें ३,४०० सेंटिमॉर्गन समान असतात. ज्यांचे आजा-आजी एक त्यांच्यांत सुमारें ८५०, ज्यांचे पणजा-पणजी एक त्यांच्यांत २०० च्या आसपास, आणि ज्यांचे खापरपणजे एक त्यांच्यांत सरासरीनें ५० ते ७५. याच्याही एक पिढी मागें गेलें कीं, नातें खरें असूनही सुमारें निम्म्या जोड्यांत एकही समान तुकडा सांपडत नाहीं. तेव्हां तुकडा न मिळणें हा दूरचें नातें नसल्याचा पुरावा होत नाहीं.

सिसिलींत या गणितास आणखी एक फांटा फुटतो. डोंगरी गांवांतील मोजकीं घराणीं शेंकडों वर्षें आपसांतच सोयरीक करीत आलीं. समजा, न्यू ऑर्लीन्सच्या एका बाईचे व पालेर्मोच्या एका गृहस्थाचे ७० सेंटिमॉर्गन जुळले. कोष्टकाप्रमाणें त्यांचे खापरपणजे एक असावेत. परंतु कदाचित् त्यांचीं तीनचार नातीं असतील, तींही दोनशें वर्षांपूर्वींचीं, व त्या सर्वांची बेरीज ७० झालेली असेल. यांतील भेद तुकड्यांच्या लांबीवरून कळतो. चाळीस सेंटिमॉर्गनचा एखादा सलग तुकडा जवळचा पूर्वज सुचवितो. आठ-दहांचे अनेक लहान तुकडे असले तर दूरचीं अनेक नातीं संभवतात.

येथें चर्चच्या वह्या पुन्हां मदतीस येतात, आणि तींही अनपेक्षित रीतीनें. १२१५ सालापासून ज्यांचे खापरपणजे एक आहेत अशांचाही विवाह चर्चच्या विशेष परवानगीवांचून होत नसे. १९१७ सालीं ही मर्यादा पणज्यापर्यंत आणली गेली. परवानगीच्या अर्जांत दोन्ही पक्षांची वंशावळ समान पूर्वजापर्यंत मांडावी लागे. म्हणजे ज्या आप्तविवाहांमुळें डी.एन.ए.चा हिशेब चुकतो, त्यांचीच नोंद चर्चनें स्वतः करून ठेविली आहे. लुईजी लूका काव्हाल्ली-स्फोर्त्सा या इटालियन शास्त्रज्ञानें व आंतोनियो मोरोनी या धर्मगुरु-शास्त्रज्ञानें याच कागदांचा उपयोग करून इटलींतील आप्तविवाहांचा दीर्घ अभ्यास केला. तो ग्रंथरूपानें २००४ सालीं प्रसिद्ध झाला.

जाणत्या शोधकाची रीत म्हणून ठरलेली आहे. तो प्रथम स्वतःच्या घरांतील कागदांवरून, ज्ञातापासून अज्ञाताकडे, एकेक पिढी मागें जातो. गांव निश्चित झाल्यावर तेथील सर्व पॅरिशांच्या वह्या पाहतो. कोंतेस्सासारख्या गांवीं तर ग्रीक विधीचें व लॅटिन विधीचें अशीं दोन पॅरिश आहेत, आणि एकाच घराच्या नोंदी दोहोंकडे विभागलेल्या असूं शकतात. मग तो ज्यांचे तुकडे आपल्याशीं जुळतात अशा आप्तांचे गट पाडतो : हे आजोबाच्या बाजूचे, हे आजीच्या. घरांतील वृद्ध माणसांची तपासणी तो आधीं करून घेतो, कारण त्यांच्या देहांत पूर्वजांचा वारसा एक-दोन पिढ्या अधिक शाबूत असतो. शेवटीं प्रत्येक गटासमोर वहींतील एकेक दांपत्य ठेवून पाहतो. दोन्ही साक्षी जुळल्या तरच तो नांव पक्कें करतो.

या साऱ्या खटाटोपाचें मोल सर्वांत अधिक कळतें तें टाकलेल्या मुलांच्या बाबतींत. सिसिलींतील पुष्कळ गांवांत भिंतींत बसविलेलें एक फिरतें लांकडी पिंप असे; त्याला 'चक्र' म्हणत. रात्रीच्या वेळीं त्यांत अर्भक ठेवून घंटा वाजवावयाची व निघून जावयाचें. आंतील बाई चक्र फिरवून मूल घेई, त्याचा बाप्तिस्मा होई, आणि त्रोवातो म्हणजे 'सांपडलेला', किंवा प्रोयेत्तो म्हणजे 'टाकलेला', असलें एखादें आडनांव त्याच्या कपाळीं येई. १९२३ च्या नियमानें हीं चक्रें रद्द झालीं. अशा मुलाची कागदी वंशावळ त्या पिंपापाशींच संपते. कितीही वह्या चाळल्या तरी पलीकडे कांहीं नाहीं. परंतु त्याच्या पणतवंडांच्या देहांत त्याचा आठवा हिस्सा वारसा आजही असतो. बाकीच्या सात पणजा-पणजींच्या आप्तांचे गट ओळखून बाजूस काढले, म्हणजे जो अनोळखी गट उरतो तो त्या टाकलेल्या मुलाच्या आईबापांकडचा असावा. त्या गटांतील माणसांच्या वंशावळी जेथें एकत्र येतात, तेथें शंभर-दीडशें वर्षें दडून राहिलेलें घर दिसूं लागतें.

या ठिकाणीं शोधकानें क्षणभर थांबावें हें उचित. त्या घरांतील आजच्या माणसांनीं आपल्या पणजीचें गुपित विचारलेलें नसतें. ज्या मुलीनें अंधारांत घंटा वाजविली तिला तसें करावें लागलें तें लोकलाजेस्तव किंवा दारिद्र्यापायीं, आणि तिची बाजू कोणत्याही वहींत लिहिलेली नाहीं. नातें सांपडल्यावर तें कोणाला, केव्हां व कोणत्या शब्दांत कळवावें, हें कोणतेंही कोष्टक सांगूं शकत नाहीं.

आणि रक्ताची साक्ष कितीही खरी असली तरी कायद्याच्या दारीं मान कागदालाच आहे. इटलीचें नागरिकत्व वंशपरंपरेनें मागणारास डी.एन.ए. दाखवून भागत नाहीं. जन्म-विवाहांचे दाखले एकामागून एक जोडावे लागतात. पूर्वीं ही सांखळी पणज्यापर्यंत व त्याच्याही मागें नेतां येत असे. २०२५ च्या कायद्यानें ती परदेशांत जन्मलेल्यांसाठीं सामान्यतः आईबाप व आजा-आजी यांच्यापुरती आंखडली. त्यामुळें पणज्याच्या शोधांतून पारपत्र मिळण्याची आशा पुष्कळांस उरलेली नाहीं. तरीही शोध थांबलेला नाहीं. सिसिलींतील एखाद्या चर्चच्या जुन्या वहींत, बारीक लॅटिन अक्षरांत, आपल्या पणजीचें माहेरचें नांव वाचावयास मिळावें, एवढ्यासाठींच माणसें समुद्र ओलांडून त्या गांवीं जातात.