जुन्नरला जाताय? मुलांना हेही दाखवा

जुन्नरची सहल म्हणजे शिवनेरी, शिवरायांचं जन्मस्थान. तो पाहावाच. पण गड उतरून लगेच परतू नका. जुन्नर हे जुनं व्यापाराचं गाव. कोकणातला माल नाणेघाटाने वर यायचा. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही आहे. १४९० मध्ये निजामशाहीची सुरुवात जुन्नरलाच झाली. जवळच्या हापूसबागेचं नाव आंब्यावरून नाही, हबशी बागेवरून पडलं म्हणतात. तिथेच शेतांमध्ये सौदागर घुमट उभा आहे. सौदागर म्हणजे व्यापारी, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. “आपण इथले का?” असं मुलं आम्हाला वर्गात विचारतात. उत्तर पुस्तकात शोधण्याआधी त्यांना या घुमटापाशी न्या.