ऐकू येते, पण उमजत नाही

घरातल्या वृद्ध माणसाला काही सांगावे आणि त्याने नुसते आपल्या तोंडाकडे पाहत राहावे, असे झाले की आपण आवाज चढवतो, नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा दोष कानाचाही नसतो नि स्वभावाचाही नसतो. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, शब्द कानावर पडतो. अर्थ मात्र मनात उतरत नाही.

१९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या इस्पितळात डॉ. आल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या एका बाईला तपासले. काही प्रश्न तिला उमगतच नसत. कपाला ती दुधाचे भांडे म्हणे. या विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

वाक्य समजायचे तर त्याचा आरंभ शेवटापर्यंत मनात धरावा लागतो. "आजी, पाय धुऊन देवापुढे दिवा लाव, अन् येताना कोठीतले पसाभर तांदूळ आण." ही तीन कामे झाली! तांदळापर्यंत येईतो पाय धुणे निसटलेले असते. वाक्प्रचारांचेही तसेच. 'पोटात कावळे ओरडताहेत' म्हटले, तर आजी आढ्याकडे पाहायची.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. असा माणूस वर्तमानपत्र खणखणीत वाचून दाखवील, हरिपाठ न अडखळता म्हणेल. पण काय वाचले ते त्याला सांगता येईलच असे नाही. वाचता येणे वेगळे, समजणे वेगळे. हे आपण वर्गात रोज पाहतोच की! तेव्हा 'पाठ म्हणता येते, मग माझेच कसे कळत नाही?' हा राग व्यर्थ आहे.

मग बोलावे कसे? समोर बसावे, नावाने हाक मारावी. रेडिओ बंद करावा. हो, हे आम्हीच सांगतो आहोत! एका वेळी एकच गोष्ट सांगावी. 'काय घेणार?' यापेक्षा 'चहा की दूध?' हे बरे. दोन्ही दाखवले तर अधिक बरे. मग थांबावे, उत्तराला वेळ लागतो. न समजल्यास तेच पुन्हा, साध्या शब्दांत सांगावे. मात्र तान्ह्या बाळाशी बोलतात तसे बोबडे बोलू नये. शब्द हरवले तरी आवाजातला तिरस्कार कळतो, बरं का.

आणि कालपर्यंत नीट बोलणाऱ्या माणसाला आज एकाएकी बोलणे समजेनासे झाले, तर ते म्हातारपण समजू नये. तो अर्धांगाचा झटका असू शकतो. त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.