निर्धूर चुलीचं धुराडं साफ ठेवा



निर्धूर चुलीचा धूर घरात कोंडू लागला, की "चूलच वाईट" म्हणून ती मोडू नका. दोष बहुधा धुराड्यात असतो. आत काजळी साचली, की वाट अरुंद होते, धूर मागं फिरतो आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांत, छातीत जातो. काजळीनं पेट घेतला, तर गवती छपराला आगीची भीती वेगळीच.

महिन्यातून एकदा धुराडं साफ करावं. ओलं सरपण जाळत असाल, तर पंधरा दिवसांनी. नळ ॲस्बेस्टॉसचा असेल तर मात्र खरवडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तो नळ बदलून घ्यावा.

चूल रात्रभर गार होऊ द्या. सकाळी चुलीची तोंडं ओल्या पोत्यानं झाका, नाका-तोंडाला फडकं बांधा. शिडी पक्की लावून नळावरची टोपी काढा. लांब बांबूच्या टोकाला चिंध्या घट्ट बांधून नळात वर-खाली फिरवा. बुडाशी पडलेली काजळी काढून टाका आणि टोपी परत बसवा.

मग चुलीत कागद पेटवून पाहा. धूर वर ओढला गेला, म्हणजे काम झालं. सरपण वाळलेलंच वापरा. काजळी कमी धरते.