चिमूटभर रसायन, टिकाऊ सौर घट

जालन्यात सळईच्या भट्ट्या कुणाला नवीन नाहीत. वितळलेल्या पोलादात थोडं फेरोसिलिकॉन टाकतात. ते नको असलेला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ओतलेल्या मालात वायूची छिद्रं कमी राहतात. पेरोव्हस्काइटच्या सौर घटातही दोष असेच आवरायचे असतात.

पेरोव्हस्काइट म्हणजे इथे शिसं, आयोडीन आणि एखादा सेंद्रिय आयन यांचा स्फटिक. द्रावण काचेवर पसरून शंभरेक अंश सेल्सिअसला तापवलं की अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा थर जमतो. सिलिकॉन वितळवायला १४०० अंश लागतात.

मग अडचण कुठे? घाईत. स्फटिक भराभर जमतात, आयोडाइडच्या काही जागा रिकाम्या राहतात, कणांच्या कडेला शिशाचे आयन उघडे पडतात. उन्हाने सुटलेला इलेक्ट्रॉन तिथे अडकला की विजेऐवजी उष्णता होते. त्याच फटींतून ओलावाही शिरतो.

यावर उपाय द्रावणातच मिसळतात. डीएमएसओ शिशाला काही काळ धरून ठेवतं, म्हणून स्फटिक सावकाश, मोठे वाढतात. थायोयुरियातलं गंधक आपली इलेक्ट्रॉनची जोडी उघड्या शिशाला देतं, सापळा बुजतो. पण प्रमाण चुकलं, तर उरलेलं रसायन कणांमध्ये साचून विजेचीच वाट अडवतं.

२००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे. आयआयटी मुंबईतही यावर काम चालतं. सिलिकॉनच्या पॅनलला २५ वर्षांची हमी मिळते. आपल्याकडच्या मे महिन्यात, तापलेल्या पत्र्यावर हा घट किती वर्षं टिकेल? खरी परीक्षा तीच.