बालयकृताची विषबाधा आणि यकृत-संरक्षक औषधांची परीक्षा

यकृत-संरक्षक औषधांची प्राथमिक परीक्षा बहुधा प्रौढ विस्टार उंदरांवर केली जाते. कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉल देऊन यकृतास इजा करावयाची, कुटकी वा भुईआवळीसारख्या वनस्पतीचा अर्क द्यावयाचा आणि रक्तातील एसजीपीटी, बिलिरुबिन व यकृताचा सूक्ष्मदर्शी छेद सिलिमरिन दिलेल्या गटाशी ताडून पाहावयाचा, ही रूढ पद्धत होय. तिचे निष्कर्ष बालकांना लावता येतील काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कार्बन टेट्राक्लोराइडची घातकता यकृतातच निर्माण होते. सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे त्याचे मुक्त मूलकात रूपांतर करतात व ते मूलक पेशीपटल फोडते. नवजात पिलात ही विकरे अत्यल्प असल्याने त्याचे यकृत या विषास बरेच दाद देत नाही. म्हणून पिलावर औषध गुणकारी दिसले, तरी श्रेय औषधाचे की वयाचे, हे केवळ विष दिलेला समवयस्क गट असल्याशिवाय ठरत नाही. शिवाय अनेक प्रयोगांत औषध विषाच्या आधी दिले जाते. रुग्ण बालक तर इजा झाल्यानंतरच येते!

तांब्याच्या बाबतीत चित्र उलटे आहे. तांबे पित्तावाटे बाहेर पडते आणि अर्भकात हे उत्सर्जन अपरिपक्व असते. जन्मतःच यकृतात तांब्याचा साठाही अधिक असतो. भारतीय बाल-यकृतकाठिण्य या प्राणघातक रोगाचा उलगडा याच दिशेने झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत १९८३ मध्ये पितळेच्या भांड्यात तापविलेल्या व साठविलेल्या दुधाकडे लक्ष वेधले. दुधातील केसिन तांबे धरून ठेवते. कल्हई उडालेल्या भांड्यातून ते सहज उतरते. तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनच्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. कावीळ होण्यापूर्वी उपचार सुरू झालेल्या बालकांना त्याचा लाभ झाला. रोग पुढे गेलेल्यांना फारसा नाही. पुढे पितळी भांडी मागे पडली तसा रोगही विरळ झाला.

या रोगाशी जुळणाऱ्या प्राणिप्रयोगात पिलांना दूधपित्या वयापासून तांबे द्यावे लागेल आणि औषध छेदात इजा दिसल्यानंतरच सुरू करावे लागेल. केवळ एसजीपीटी उतरले, एवढ्यावर यश मोजणे तेथे अपुरे ठरते. यकृतातील तांबे व तंतुमयता कमी झाली काय, हेही पाहावे लागते.